अक्काच्या माहेरची माणसं

आमच्या घरी टीव्हीतलं कुणी गेलं की आई डोक्यावरून अंघोळ करायची. लांबच्या भावकीतलं कुणी वारल्याचा निरोप आल्यावर करतात ना, तशीच. हातातलं काम तिथेच टाकायची, चुलीवरचं खाली उतरवायची आणि मोटारीच्या हौदावर जाऊन घमेल्याने पाणी घ्यायची. मग ओल्या केसांनीच पुन्हा झेंडू तोडायला. याला हसणारे पुष्कळ होते. पण माझी आई खुळी नव्हती. पडद्यावरचं मरण खोटं असतं हे तिला पक्कं कळायचं, मालिकेत कुणी मेलं तर ती डोळे पुसून भाकरी थापायला उठायची. अंघोळ होती ती खरोखर गेलेल्यांसाठी. "आपल्या घरात बसून गेलेला माणूस हाय," एवढंच ती म्हणायची.

पहिला गेला तो आमच्या गुरुवारच्या मालिकेत पोस्टमनचं काम करणारा जाडा नट. मालिका अजून चालू होती. बातम्यांच्या शेवटी त्याचा फोटो आला, बाईने दोन वाक्यं वाचली आणि लगेच हवामान सुरू झालं. पुढच्या गुरुवारी त्याच सायकलवर, तीच टोपी घालून, दुसराच बारका पोस्टमन आला. मालिकेतल्या अक्काने त्याच्या हातून टपाल घेतलं, चहा विचारला, आणि गोष्ट पुढे गेली. आई पडद्याकडे बघतच राहिली. "मेला तर मेला म्हून सांगावं का नाय? घरातलं माणूस गेल्यावर त्याची टोपी दुसऱ्याला घालून आणत्यात का?" तेव्हा मी शाळेत होते. पुढे मी हजारो पत्रकं लिहिली, वाटली, पोलिसांच्या दंडुक्याखाली चुरगाळलेली पाहिली. पण माणूस वापरायचा आणि टोपी ठेवून घ्यायची, या रागाचा पहिला धडा मला त्या गुरुवारी मिळाला. नंतर सावकाराचं काम करणारा गेला, तेव्हा आत्या म्हणाली, "बरं झालं, लय छळलं मेल्यानं." आई तरीही हौदावर गेली. "तो घरी कसा होता तुला काय ठाव?" आईचा हा प्रश्न पुढे आमच्यावरच उलटणार होता.

आमचा मळा नाशिकच्या अंगालाच, गोदावरीच्या पलीकडे. झेंडू, शेवंती, मोगऱ्याचे थोडे ताटवे आणि बांधाला अबोली. घर म्हणजे दोन खोल्या आणि पुढे पत्र्याची पडवी, तिथे फुलं निवडायची. टीव्ही वडिलांनी आणला होता आणि पडवीच्या दारात अशा बेताने ठेवला होता की फुलं निवडता निवडता दिसावा. गुरुवारी संध्याकाळी आई कुळथाची शेंगोळी करायची, कारण एका पातेल्यात सगळा स्वयंपाक उरकतो. लसणाचा वास, मोटारीची घरघर, आणि त्यावरून मालिकेची सनई. आम्ही तिघी गोणपाटावर: आई, मी आणि आत्या. आत्या म्हणजे वडिलांची बहीण. नवऱ्याने तिला टाकलं होतं, त्याने दुसरं घर केलं होतं, तरी ती रुपयाएवढं कुंकू लावायची. "त्यानं मला टाकलं, कुंकवाला कुठं टाकलंय," असं स्वतःच म्हणायची आणि स्वतःच खदखदून हसायची.

मालिकेचं नाव काही वेगळंच होतं, पण आमच्यात ती अक्काची मालिका. अक्का ही तरुण वयात विधवा झालेली बाई. पांढरं पातळ, डोक्यावर पदर, मोकळं कपाळ. मुलं वाढवते, दिराशी भांडते, कुणापुढे वाकत नाही. ते काम करणाऱ्या बाईंचं खरं नाव मी इथे घालत नाही, त्यांच्या माणसांना आणखी त्रास नको. तसंही आमच्यासाठी ती अक्काच होती. तिचा आवाज खालच्या पट्टीतला होता. रागावली की आणखी खाली जायचा. मी आरशासमोर तो आवाज काढायचे आणि आत्या माझी नक्कल करायची.

वडील गेले ते नाशकातल्या द्वारकेच्या चौकात. सायकलच्या मागे फुलांच्या पाट्या बांधून बाजारात निघाले होते, ट्रकने उडवलं. मी तिथे पोचले तेव्हा त्यांना नेलेलं होतं, रस्त्यावर शेवंती पसरली होती आणि गाड्या तिच्यावरून जात होत्या. हे मी इथे एवढ्यावरच सोडते. सांगायचं आहे ते पुढचं. तेरावं झाल्यावर आईने ट्रंकेतली सगळी रंगीत लुगडी आत्याला देऊन टाकली आणि पांढरं आणलं. आमच्यात पांढरं नेसायची रीत नाही. विधवा बाई कुंकू पुसते, पण लुगडं हिरवंनिळं नेसते, शेतात राबते, आणि मनात आलं तर पाट लावते, म्हणजे दुसरं लग्न करते. माझ्या पणजीने पाट लावला होता, कुणी नाक मुरडलं नव्हतं. आत्या कपाळावर हात मारून म्हणाली, "भागे, आपल्यात कोण नेसतं गं पांढरं? मळ्यात चिखलात जाणार का ह्याच्यावर? पेठेतली सोवळी झालीस का तू?" आईने पदर डोक्यावर घेतला, आणि मी बघितलं: तो बरोबर अक्कासारखा घेतला होता, कानाच्या मागून.

वर्षा-दोन वर्षांनी चांदवडहून एक स्थळ आलं, आईसाठी. कांदा लावणारा माणूस, बायको गेलेली, मूलबाळ नाही. माझ्यासकट आईला न्यायला तयार. येताना माझ्यासाठी कंपासपेटी घेऊन आला आणि पडवीत बसून आमच्याबरोबर फुलं निवडू लागला, न सांगता. आत्याला तो फार आवडला. "भागे, हो म्हण. असा फुलं निवडणारा पुरुष परत मिळायचा नाय." आई आठवडाभर विचार करत होती, मला दिसत होतं. ती मोगरा गुंफताना मध्येच थांबायची. आणि त्याच सुमाराला मालिकेत अक्काला शाळामास्तरांनी मागणी घातली. तो गुरुवार मला लख्ख आठवतो. अक्का खिडकीशी उभी राहिली, पाठमोरी, आणि तिच्या त्या खालच्या आवाजात म्हणाली की माझं आयुष्य आता मुलांचं. सनई वाजली. आईने शेंगोळ्याचं पातेलं उचललं आणि आत्याला म्हणाली, "चांदवडला निरोप धाडा. नाय जमायचं." मला तेव्हा आईचा अभिमान वाटला होता. आज तो गुरुवार आठवला की त्या मालिकेच्या लेखकाला चौकात उभं करून विचारावंसं वाटतं, की बाबा, तू कुणासाठी लिहीत होतास? जिला पाट लावायची मोकळीक होती तिला तू खिडकीशी उभं केलंस, आणि वर सनई लावलीस.

कॉलेजात गेल्यावर मी बायकांच्या एका मंडळात पडले. खांद्याला झोळी, झोळीत पत्रकं. द्वारकेच्या चौकात, बसस्टँडवर, हळदीकुंकवाच्या मांडवाबाहेर. 'कपाळ कुणाचं? हक्क कुणाचा?' हे पत्रक मी लिहिलेलं, गुलाबी कागदावर. माझी आई मोकळ्या कपाळाने तीच पत्रकं घड्या घालून द्यायची, गजऱ्याच्या पुड्या बांधाव्या तशी भराभरा. मी तिला म्हणायचे, आई, तू कुंकू लाव, मी आहे ना. ती म्हणायची, "मला कोण अडवतंय? मलाच नको." मी तिच्याशी भांडायचे, आत्या माझ्या बाजूने, आणि शेवटी आई आम्हा दोघींच्या ताटात भाकरी वाढून विषय संपवायची.

वडिलांच्या मागे आईने बाजार सोडला आणि पुड्या सुरू केल्या. पूजेची फुलं, तुळस, दूर्वा, आणि सांगितलं असेल तिथे गजरा, असं बांधून पहाटे घराघराच्या दाराला अडकवायचं. गंगापूर रोडला तेव्हा बंगल्यांच्या जागी इमारती होत होत्या, गिऱ्हाईक वाढत होतं. या धंद्यात माणूस दिसत नाही. बेल वाजवायची नाही, लोक झोपलेले असतात. महिन्याचा हिशोब खाली वॉचमनकडे. आईला दारं ओळखीची होती: इथे कडी, इथे खिळा, इथे जाळीचं दार, इथे गजरा, इथे नुसती तुळस. गजरे ती घरी केळीच्या सोपटाच्या दोऱ्यात गुंफायची आणि ओल्या फडक्यात झाकून न्यायची. स्वतःच्या केसांना तिने वडील गेल्यापासून एक कळी लावलेली नव्हती.

मधल्या काळात केबल आली, अक्काची मालिका कधीच संपली होती, आणि तिच्यातली माणसं एकामागून एक जात राहिली. दीर गेला. शाळामास्तर गेले, म्हणे सरकारी दवाखान्यात खाटेची वाट बघत, व्हरांड्यात. त्यांच्यावर मी पत्रक काढलं. मंडळातल्या एका बाई म्हणाल्या, नटांसाठी आपण कशाला? मी म्हटलं, कारण त्यांची मालिका पुन्हा दाखवतात तेव्हा जाहिराती मधे लागतात, आणि ते मात्र व्हरांड्यात मरतात. तो राग मी अजून गिळलेला नाही. आता कुणी जुना नट गेला की वाहिन्या संथ संगीत लावून दिवसभर तेच तेच तुकडे दाखवतात. मरणसुद्धा फुकट वापरून घेतात.

आणि मग एका सकाळी पडद्याच्या तळाशी अक्काचं नाव सरकत गेलं. ज्येष्ठ अभिनेत्री. नाशिक येथे. राहत्या घरी. मी आईला वाचून दाखवलं. तिने "नाशिक?" एवढंच विचारलं, दोनदा. अक्का आपल्याच गावात होती, आणि आपल्याला पत्ता नाही. मी दैनिकातल्या एका ओळखीच्या वार्ताहराला फोन केला, त्याने गंगापूर रोडवरच्या एका इमारतीचं नाव दिलं. आई हौदाकडे गेली नाही. ती पडवीत उभी राहिली. "तिच्या माहेरचं कोण येणार?"

हा प्रश्न तिने उगाच विचारला नव्हता. कधीतरी एका दिवाळी अंकातली अक्काची मुलाखत मी तिला वाचून दाखवली होती. तोंडाला रंग लावला म्हणून माहेरच्यांनी दार बंद केलं ते कायमचं, असं त्यात होतं. नवऱ्याबद्दलही त्यात काही असणार. आम्हाला ते आठवत नव्हतं. ऐकतानाही आम्हाला ते नकोच असणार. आणि आमच्याकडे बाई गेली की तिच्या अंगावर शेवटचं लुगडं माहेरचं पडतं. कितीही भांडण असो, भाऊ लुगडं घेऊन येतो, तोवर तिरडी थांबते. आई म्हणाली, "तिला तसंच नेतील का? आपण नेऊ. आपल्याकडं यायची ना ती दर गुरुवारी. माहेरीच येत व्हती."

दुकानात आम्ही भांडलो. मी म्हटलं, पांढरं घेऊ नकोस, निदान मेल्यावर तरी त्या बाईला रंग मिळू दे. आई म्हणाली, "तिला रंग शोभायचा नाय. मी बघितलंय." आत्या म्हणाली, निळ्या काठाचं तरी घे. आईने पांढरं, बारीक काठाचं घेतलं, आपल्या नेसणीतलं, पण पोत त्याहून चांगला. पिशवीत ते, आणि दुसऱ्या पिशवीत ओल्या फडक्यात फुलं. त्या दिवशीच्या पुड्या वाटून उरलेली.

रिक्षातून उतरल्यावर आई फाटकाशी थबकली. वॉचमन म्हणाला, "मावशी, तुम्ही या टायमाला?" ती जिना चढू लागली, सावकाश, एकेका दाराकडे बघत. दुसऱ्या मजल्यावर चपलांचा ढीग होता आणि दार उघडं होतं. दाराला पितळी कडी होती, तिला सकाळची पुडी तशीच लटकत होती. त्या गडबडीत कुणी काढली नव्हती. आईने माझं मनगट धरलं.

"शोभे, ह्या दाराला गजरा असतो."

मला अर्थ लागेपर्यंत आम्ही आत होतो. अक्का जमिनीवर होती. हिरवं पातळ. हातभर हिरव्या बांगड्या. कपाळावर कुंकवाचा मळवट. आणि उशाशी खुर्चीवर एक म्हातारा, सदऱ्याचं वरचं बटण लावलेला, हातात तिचा चष्मा. तिचा नवरा. तिथे फोटो होते भिंतीवर: दोघं डोंगरावर, दोघं नातवाबरोबर, आणि प्रत्येकात तिच्या केसांत गजरा.

समोरच्या फ्लॅटमधल्या एक काकू ओटी भरायची तयारी करत होत्या. त्यांनी आईला पाहिलं, पिशवीतून डोकावणारं पांढरं पाहिलं, आणि ताडकन उठल्या. "अहो, हे काय आणलंत? काका समोर बसलेत धडधाकट, आणि तुम्ही पांढरं? आणि तुम्ही जरा मागे व्हा. सवाष्णीला हात नका लावू."

मला थांबवणं कुणाला शक्य नव्हतं. माझ्या डोक्यात ते गुलाबी पत्रक सगळंच्या सगळं होतं आणि ते मी तिथे, त्या प्रेताच्या पायाशी, मोठ्याने म्हटलं. कपाळ कुणाचं, हक्क कुणाचा. ज्या बाईच्या हातचा गजरा तुम्ही रोज घेता तिचा हात मेल्यावर चालत नाही? कुणीतरी "शूऽ" केलं. कुणी म्हणालं, ही कोण आगाऊ? मी आणखी बोलले. खोटं कशाला सांगू, आजही त्यातला एक शब्द मागे घ्यायची माझी इच्छा नाही. पण त्या खोलीत माझ्या आईला त्या क्षणी काय झालं होतं ते मला दिसलं नाही. मी तिच्या बाजूने बोलत होते आणि ती माझं ऐकतच नव्हती. ती अक्काच्या केसांकडे बघत होती.

म्हाताऱ्याने चष्मा बाजूला ठेवला. "कुठून आलात?" त्याने आईला विचारलं.

"मी पुडी टाकते, काका. दाराला."

"गजरा तुम्ही देता?"

"हो."

"फार आवडायचा तिला. चहाच्या आधी लावायची." मग त्याने पिशवीकडे बोट केलं. "आणि ते?"

आत्याच बोलली, "माहेरचं म्हून आणलंय जी. तिच्या माहेरचं कोण नाय असं ऐकलं व्हतं."

म्हाताऱ्याने मान हलवली. "खरंय. निरोप दिला होता. कुणी आलं नाही." त्याने हात पुढे केला. "द्या. घाला तिच्यावर. पांढरं तर पांढरं. माझं काय राहिलंय आता?"

काकू म्हणाल्या, "काका, असं अभद्र बोलू नका."

मी आईच्या पाठीला हात लावून तिला पुढे ढकलत होते, घाल, घाल. आणि माझ्या आईने पिशवीचं तोंड आवळून धरलं. "नको. नवरा जिता असलेल्या बाईला पांढरं नाय घालीत. चुकलं आमचं." तिने ओलं फडकं उघडलं, उरलेला गजरा काढला आणि आत्याच्या हातात दिला. "तू लाव. तुझा हात चालतो."

आणि चालला. नवऱ्याने टाकलेल्या माझ्या आत्याच्या रुपयाएवढ्या कुंकवाकडे बघून काकू बाजूला झाल्या. आत्या खाली बसली, तिने अक्काचं डोकं उचललं आणि गजरा माळला. तो गुंफलेला होता माझ्या आईने, आणि ती भिंतीशी उभी होती, जिथे चपला काढल्या होत्या त्याच्या शेजारी.

घरी आल्यावर आईने हौदावर अंघोळ केली. मी पडवीत बसले होते, अजून धुमसत. ती केस पिळत आली आणि माझ्याशी बोलल्यासारखं नाही, फुलांशी बोलल्यासारखं बोलली. "पांढरं सोडून ती घरी जायची. कुंकू लावायची. गजरा माळायची. तिचं शूटिंग संपायचं." मग थोड्या वेळाने, "माझं संपलंच नाय गं." आत्या आत होती, तिने ऐकलं. चांदवडचं नाव कुणी घेतलं नाही. आईने पांढरं लुगडं ट्रंकेत तळाशी टाकलं. "माझ्या वेळंला हेच घाल," म्हणाली. मी तिच्यावर ओरडले. ती म्हणाली, "तू ओरड. पण घाल." त्यानंतर टीव्हीवर मी काय लावते याकडे तिने पाहिलं नाही. आणखी किती जुने नट गेले, मी वाचून दाखवलं, तिने अंघोळ केली नाही.

ते लुगडं पुढची सगळी वर्षं माझ्या मानेवर बसलेलं होतं. सभेत बोलताना, मोर्च्यात, माझ्या स्वतःच्या लग्नात. बायकांना सांगायचे, रूढी झुगारा, आणि मनात म्हणायचे, एक दिवस माझ्याच हाताने तिच्यावर ते पांढरं घालायचं आहे. तिचं ऐकलं तर मी खोटी, नाही ऐकलं तर तिची शेवटची गोष्टही दुसऱ्यानेच ठरवली असं होणार. तिला शब्द तर मी दिलाच नव्हता, आणि तो मोडायचं धाडसही नव्हतं.

आई गेली ती पहाटे, पडवीत, फुलांच्या पाटीशी बसल्या बसल्या. पुड्या बांधून झाल्या होत्या, एवढंच की निघायची राहिली. मामा दुपारपर्यंत येणार होता. मी ट्रंक उघडली. सगळं उपसलं. लुगडं नव्हतं. आत्याला विचारलं, ती तेव्हा वाकून काठीने चालायची. तिने माझ्याकडे बघितलं, जणू मी अजून शाळेत आहे.

"ते कुठलं ऱ्हायलंय? त्याच पावसाळ्यात फाडलं तिनं. टराटरा. मी बघत व्हते. आन् एवढी वर्षं ती गजऱ्यावर झाकायची वल्ली फडकी तुला कशाची वाटली?"

मी पडवीत गेले. पाटीवर फडकं होतं, पांढरं, धुऊन धुऊन पिवळट झालेलं, अबोलीचे डाग पडलेलं, एका कडेला तो बारीक काठ. अजून ओलं होतं. त्याखाली पुड्या रचलेल्या होत्या, आणि वर गजरा. मी तो उचलला. मामाच्या येण्याची वाट पाहिली नाही, कुणाला विचारलं नाही. आत्याने आईचं डोकं धरलं आणि मी माळला.

बाकीच्या पुड्या मी दुपारी नेऊन दिल्या. गंगापूर रोडवर एका दाराला त्या दिवशी गजरा गेला नाही.